‘पिकअप नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

पोस्टिंगचा मोसम आला की कुठल्याही छावणीत दोन कामं एकदम सुरू होतात. काळ्या ट्रंकांवरचे जुने पत्ते खोडून पांढऱ्या रंगाने नवे लिहिले जातात, आणि गाड्या हात बदलतात. पूर्वेला चाललेला गाडी विकतो, पश्चिमेहून आलेला घेतो. एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी ही कटकट कुणालाच नको असते. मग दोन-तीन आठवड्यांनी मेसमध्ये, एमटी पार्कात, शाळेच्या बसथांब्यावर एकच वाक्य कानावर येतं: "गाडी तशी चांगली आहे हो, पण पिकअप नाही."

या एका वाक्यावर आपल्या लोकांनी किती पैसे घालवले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझा अंदाज आहे की तो मोठा निघेल. कारण या वाक्यानंतर गाडी गॅरेजमध्ये जाते, आणि गाडी टर्बोवाली असेल तर तिथे दुसरं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, टर्बो गेला."

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी टर्बो गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळत असेल, तर दोष टर्बोचाच आहे असं मानणं चूक आहे. बऱ्याचदा दोष टर्बोच्या आजूबाजूला असतो, कधी चालवण्याच्या पद्धतीत असतो, आणि जवळजवळ नेहमीच तो शोधता येत नाही याचं कारण एकच असतं: गाडीचा इतिहास कुणाकडेच नसतो. बाहेरच्या माणसाची ही अडचण समजू शकते. आपण वर्दीतले लोक मात्र रोज लॉगबुकावर सह्या करतो. आपल्याला ही सबब शोभत नाही.

मागच्या एका युनिटमधल्या हवालदारांचं उदाहरण देतो. मूळचे साताऱ्याकडचे. आठ वर्षं जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली होती, सुट्टीत बायको-मुलांना घेऊन गावी जाता यावं म्हणून. महिनाभरात गाडी चढावर दम खाऊ लागली. गावातल्या गॅरेजने टर्बो बदलायला सांगितला, आकडा पंचेचाळीस हजारांचा. ते माझ्याकडे युनिटच्या फंडातून कर्ज मिळेल का हे विचारायला आले होते. "साहेब, पोरीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायचीय, आणि जाताना घाट उतरायचा-चढायचाय. दोन्ही एकदम कसं जमवू?" हा प्रश्न मोटारीचा राहिला नव्हता.

आमच्या एलएडीमधल्या एका तरुण क्राफ्ट्समनने त्याच्या सुट्टीच्या दिवशी गाडी पाहिली. इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाला खालच्या बाजूने चीर गेली होती. इंजिन नुसतं चालू असताना ती दिसत नव्हती. टर्बोने दाब भरला की उघडायची आणि हवा बाहेर सोडून द्यायची. पाइप बदलायला दोन हजारांच्या आत खर्च आला. टर्बो ठणठणीत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

पैशाइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न जिवाचा आहे. दुपदरी रस्त्यावर तुम्ही ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रकच्या मागे आहात. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. तुम्ही उजवीकडे बाहेर पडलात, पाय दाबला आणि गाडी दोन सेकंद नुसतीच विचार करत राहिली. त्या दोन सेकंदांत तुम्ही ३३ मीटर पुढे गेलात. समोरून तेवढ्याच वेगाने येणारी गाडीही ३३ मीटर जवळ आली. म्हणजे तुमच्या हिशेबातले ६६ मीटर काहीही न घडता संपले. जम्मूकडून वर जाणारा रस्ता असो, आसामातला असो की आपला कोकणातला, जिथे वळणापलीकडचं दिसत नाही तिथे ६६ मीटर म्हणजे फार मोठं अंतर आहे. म्हणून ‘थोडं अडखळते, चालतंय’ ही वृत्ती मला मान्य नाही.

आता थोडं मूळ समजून घेऊ. टर्बोचार्जरची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनीअरची, पेटंट १९०५ सालचं. पण आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट १९१८ सालची आहे. विमान उंचावर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद घटते, ही पहिल्या महायुद्धातली अडचण. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेलं आणि तिथे टर्बो लावून त्याची गेलेली ताकद परत मिळवून दाखवली. म्हणजे हे यंत्र सैन्याच्या गरजेपोटी आणि उंचीवरच्या विरळ हवेसाठी वाढलेलं आहे. लेहच्या रस्त्यावर टर्बोला शिव्या घालणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

काम सोपं आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि फिरतो तेलाच्या पातळ थरावर. पण धूर पुरेसा आला तरच चाक फिरतं, आणि इंजिन जोरात चाललं तरच धूर पुरेसा येतो. पाय दाबल्यापासून दाब तयार होईपर्यंतचा हा जो वेळ, तो टर्बो लॅग. तो आजार नाही, या यंत्राचा स्वभावच आहे.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. फियाट, मारुती आणि टाटा अशा तिघांच्या गाड्यांत ते बसलं, म्हणून लोक गमतीने त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणायचे. आजही सेकंड हँड बाजारात त्या गाड्या भरपूर आहेत. त्यातल्या ७५ हॉर्सपॉवरच्या प्रकाराचा कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटर, तो मिळतो २,००० आरपीएमला. त्याच्या बरंच खाली तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात तर तुमच्या हाताखाली फक्त एक छोटं १.३ लिटरचं इंजिन असतं, आणि ते एकट्याने एक टन वजन ओढत असतं. गाडीत बिघाड काही नसतो. तिला तुम्ही चुकीच्या गिअरमध्ये काम सांगितलेलं असतं.

म्हणून मी म्हणतो, ‘पिकअप नाही’ ही तक्रारच मुळात अपुरी आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगावं तसं. या दोन शब्दांत किमान चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

पहिली तक्रार: गाडी क्षणभर थांबते आणि मग एकदम उसळते. हा लॅग. गिअर एक खाली टाकून पाहा. तिसऱ्यात गाडी लगेच उचलत असेल तर तिच्यात काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे ‘वरच्या गिअरला टाका, डिझेल वाचतं’ ही शिकवण एवढी खोल गेली आहे की माणसं चौथ्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर चढ चढायला बघतात. टर्बो म्हणजे मागे ठेवलेली राखीव तुकडी. तिला आधी हुकूम द्यावा लागतो, लढाई सुरू झाल्यावर नाही. ओव्हरटेक करायचा तर गिअर आधी उतरवा, मग बाहेर पडा. मात्र हाच लॅग पूर्वीपेक्षा वाढला असेल तर कारण शोधायला हवं. टर्बोच्या आतली हलती पाती काजळीने चिकटणं, त्यांना हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचा किंवा त्याच्या बारीक व्हॅक्यूम नळीचा दोष, किंवा कुठेतरी छोटी गळती, ही नेहमीची कारणं.

दुसरी तक्रार: गाडी गचके देते, ‘मिसिंग’ मारते. पेट्रोल टर्बोमध्ये पहिला संशय प्लग आणि कॉइलवर घ्यावा. दाबलेल्या दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त विद्युतदाब लागतो. प्लग झिजून फट वाढली की रिकाम्या रस्त्यावर गाडी छान चालते आणि जोर मागितला की ठिणगी चुकते. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट होते: इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे हवेचे व्हॉल्व्ह इंधनाने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. डिझेलमध्ये आधी फिल्टर बघा. तो तुंबला असेल, त्यात पाणी साठलं असेल, तर सपाटीवर जाणवणार नाही, चढावर जाणवेल, कारण तेव्हाच जास्त डिझेल लागतं. फिल्टर ही त्यातली स्वस्त गोष्ट आहे, इंजेक्टर महाग. म्हणून क्रम महत्त्वाचा.

तिसरी तक्रार: गाडी सरसकट मेल्यासारखी होते, किती दाबा, ठरावीक वेगाच्या पुढे जात नाही. इथे एक साधा प्रश्न विचारा: किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर बरी होते का? होत असेल, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरने काहीतरी चुकीचं पाहून स्वतःच ताकद तोडलेली आहे. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत घरी पोहोचण्याची सोय. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यात फरक पडला की असं होतं. पाइपातली गळती, चिकटलेली पाती, दाब मोजणारा सेन्सर खराब असणं, नव्या डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर तुंबणं, यापैकी काहीही असू शकतं. डिझेल गाडी जोर लावताना काळा धूर सोडत असेल तर इंधन येतंय पण हवा कमी पडतेय, म्हणजे गळतीचा संशय पक्का होत जातो. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, आणि तेव्हा मात्र टर्बोकडे बोट दाखवायला थोडा आधार आहे.

चौथी तक्रार सर्वांत फसवी: आरपीएम चढतात, आवाज वाढतो, गाडी मात्र वेग घेत नाही. हा इंजिनाचा विषयच नाही. क्लच घसरतोय. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला आणि काटा उडी मारून वर गेला की निदान झालं. याच तक्रारीवर टर्बो बदललेला मी पाहिला आहे. नवा टर्बो बसला, ताकद पूर्ण आली, आणि क्लच पहिल्यापेक्षा जोरात घसरू लागला. एएमटी गाडीतला गिअर बदलतानाचा ठहराव हादेखील वेगळाच प्रकार, त्याचा टर्बोशी संबंध नाही.

या चारांत फरक करायला कुठलंही यंत्र लागत नाही. कधी होतं, कुठल्या गिअरमध्ये, किती आरपीएमला, थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, किल्ली फिरवल्यावर जातं का, एवढे प्रश्न लागतात. अकादमीत आपल्याला अप्रिसिएशन शिकवतात: आधी माहिती, मग घटक, मग पर्याय आणि शेवटी योजना. गॅरेजमध्ये उभे राहिलो की आपण योजनेपासून सुरुवात करतो.

पोस्टिंगची जागा हाही एक घटक आहे, आणि तो आपल्यासारख्यांनाच सर्वांत जास्त लागू पडतो. लेह साधारण ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथे तो जवळपास निम्म्यावर येतो. टर्बो एकदा फिरला की ही तूट बरीचशी भरून काढतो, साध्या इंजिनापेक्षा खूपच चांगली. पण फिरण्याआधी? तेव्हा तुमचं छोटं इंजिन दोन तृतीयांश हवेवर जगत असतं. शिवाय टर्बोला कमी दाबाच्या हवेपासून सुरुवात करून तोच दाब गाठायचा असतो, म्हणून वेळ जास्त लागतो. आणि चाक मर्यादेबाहेर फिरू नये म्हणून कॉम्प्युटरही हात आखडता घेतो. त्यामुळे पुण्यात झकास चालणारी गाडी लेहमध्ये २,००० आरपीएमच्या खाली निर्जीव वाटली तर घाबरू नका. एक गिअर खाली चालवा.

उलट राजस्थानात. ४५ अंश तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते आणि इंटरकूलरला तिला थंडही करता येत नाही. त्यात वाळू. एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर बदलायचा असेल तर पुस्तक जोधपूरमध्ये लिहिलेलं नाही हे ध्यानात घ्या. ईशान्येत दमट हवा, डिझेलमध्ये पाणी आणि पाइप कुरतडणारे उंदीर. एकच तक्रार, तीन जागी तीन कारणं. जुन्या गाडीचा आधीचा मालक कुठे राहत होता हे विचारायचं ते यासाठी.

आता मुख्य मुद्द्याकडे. नव्या गाडीत हा गोंधळ कमी असतो, कारण बदल कधी झाला हे मालकाला कळतं. जुन्या गाडीत तुम्हाला ‘पूर्वी कशी होती’ हेच माहीत नसतं. तेल वेळेवर बदललं होतं का? ज्या दांड्याला तेलाचा पातळ थरच आधार आहे, त्याचं आयुष्य या एका उत्तरावर ठरतं. घाट चढून आल्याबरोबर किल्ली बंद करायची सवय होती का? तसं केलं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत राहिलेलं तेल करपतं. म्हणून मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवावं. कुणी ताकद वाढवण्यासाठी कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदललं होतं का? ईजीआर पत्रा लावून बंद केला होता का? यातलं काहीही रंग आणि सीट कव्हर बघून कळत नाही.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दल एक सावधगिरी. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंधन घातलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत उतरत्या भावात येतात. सगळ्या वाईट नसतात. पण ज्या डिझेल गाडीने आयुष्य सिग्नलच्या रांगेत काढलं, तिच्या ईजीआरमध्ये, इनटेकमध्ये आणि टर्बोच्या पात्यांवर काजळी असणार हे धरून चालावं आणि भाव त्याप्रमाणे करावा.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

एक: टर्बोची भानगडच नको, साधं पेट्रोल घ्या. मैदानी भागात, रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्यासाठी हा सल्ला बरोबर आहे, मीही देतो. पण ज्याची पुढची पोस्टिंग कुठे हे त्यालाच ठाऊक नाही, त्याला डोंगरात टर्बो हवाच वाटेल. आणि डिझेल घ्यायचं तर आता टर्बो नसलेली गाडी मिळणं कठीण आहे.

दोन: सेकंड हँड घ्याच कशाला, कॅन्टीनमधून नवी घ्या. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. पण घराचं कर्ज, बहिणीचं लग्न आणि दोन मुलांचं शिक्षण खांद्यावर असलेल्या शिपायाला हे सांगणं म्हणजे त्याच्या हिशेबाची वही न उघडताच उपदेश करणं.

तीन: आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, स्कॅनर लावा, कळेल. स्कॅनर जरूर लावा. साधा ओबीडी स्कॅनर हजार-दोन हजारांत येतो आणि मोबाइलवर चालतो. पण त्याच्याकडून निकालाची अपेक्षा ठेवू नका, तो फक्त साक्ष देतो. ‘पी ०२९९’ हा कोड आला तर अर्थ एवढाच की अपेक्षित दाब मिळाला नाही. टर्बो बदला असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. साताऱ्याच्या हवालदारांच्या गाडीतही हाच कोड होता. गॅरेजने कोड दाखवून टर्बो विकायचा प्रयत्न केला, क्राफ्ट्समनने त्याच कोडवरून गळती शोधली. फरक यंत्रात नव्हता.

मग करायचं काय? माझ्या तीन सूचना आहेत, आणि त्यातली तिसरी काहींना आवडणार नाही.

पहिली: आपल्या खासगी गाडीला एक वही ठेवा. युनिटच्या प्रत्येक वाहनाला लॉगबुक आहे. फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड हे शब्द आपल्याला झोपेतही पाठ आहेत. सरकारी जिप्सीचं तेल कधी बदललं हे सांगणारा ड्रायव्हर स्वतःच्या गाडीबद्दल ‘बघावं लागेल’ म्हणतो, हे मला विचित्र वाटतं. तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय जाणवलं. चार रकाने. गाडी विकताना ही वही किल्लीबरोबर द्यायची.

दुसरी: पोस्टिंगच्या मोसमाआधी युनिटमध्ये एक तासाचा वर्ग घ्या. शिकवायला ईएमईची माणसं आपल्याकडेच आहेत. जुनी गाडी कशी पाहायची एवढंच शिकवा. इंजिन थंड असताना जायचं, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर परत यायचं. रबरी पाइपांच्या जोडांवर ओला तेलकट डाग आहे का बघायचं, तो गळतीची जागा दाखवतो. मोकळ्या सुरक्षित चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० पासून ३,५०० आरपीएमपर्यंत पूर्ण पाय देऊन न्यायची आणि ताकद एकसारखी वाढते का हे अनुभवायचं. धूर मागून दुसऱ्याने बघायचा. कुणी टर्बो गेला म्हणालं तर इंजिन बंद आणि थंड असताना पाइप काढून दांडा हलवून दाखवायला सांगायचं. आडवा किंचित हलणं चालतं. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा चाक कवचाला घासत असेल, तर खरोखर गेला. हे न दाखवता जो टर्बो बदलायला सांगतो, त्याच्याकडून गाडी उचलून आणायची.

तिसरी सूचना अधिकाऱ्यांसाठी आहे. आपण गाडी विकतो तेव्हा घेणारा पुष्कळदा जवान किंवा एनसीओ असतो. कोर्समेट गाडी घेताना बॉनेट उघडतो, भाव पाडतो, दोष निघाला तर फोन करून दोन शिव्या घालतो. जवान यातलं काहीच करत नाही. "साहेबांची गाडी आहे" म्हणून तो ट्रायलसुद्धा नीट घेत नाही, आणि पुढे अडखळली तर आपल्याकडे परत येत नाही, गॅरेजमध्ये जातो. या व्यवहारात आपली रँक आपोआप मध्ये येते, आपण आणली नाही तरी. म्हणून जास्तीची जबाबदारी आपलीच. गाडीत काय जाणवतं ते विकण्याआधी लिहून द्यावं: अमुक आरपीएमला अडखळते, उंचीवर अशी वागते, हा पाइप तमुक साली बदलला. भाव पाच हजारांनी कमी येईल. येऊ द्यावा. ज्याच्या भरवशावर आपण रात्री पिकेट सोडून झोपतो, त्याला न सांगितलेला दोष विकणं मला पटत नाही.

निवृत्त मंडळींना एक विनंती. निवृत्तीचे पैसे आल्यावर गावाकडे पहिली खरेदी गाडीचीच होते, हे आपण सगळे जाणतो. गावातला पुतण्या-भाचा गाडी घ्यायला निघाला की सल्ला तुम्हालाच विचारतो, "काका, तुम्ही मिलिटरीत होतात, तुम्हाला कळतं." तुमच्यातले कित्येक जण एमटीमध्ये आयुष्य घालवलेले आहेत, ईएमईतून बाहेर पडलेले आहेत. तुमच्या कानाला जे कळतं ते कुठल्याही ॲपला कळत नाही. तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी तासभर कुणाची गाडी ऐकून दिलीत तर एखाद्याच्या पोरीची फी वाचेल.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘पिकअप नाही’ म्हणालं, तर लगेच गॅरेजचा पत्ता देऊ नका. त्याला विचारा: कधी, कुठल्या गिअरला, किती आरपीएमवर, आणि किल्ली फिरवल्यावर जातं का? उत्तरं वहीत लिहून घ्या. मग गाडीचं बॉनेट उघडा.

जय हिंद.